लस आधी, बाकी नंतर

चि. मुक्तास,

अनेक आशीर्वाद.

ब्राझीलला, मनौसला जायचं पक्कं झालं हे दादाकडून कळलं. असो. पिवळ्या तापाची लस घेतलीस का? लशीचा दाखला टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होतो, त्यामुळे आदल्या दिवशी पळापळ करून उपयोग नाही.

कसाव्याच्या, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्या कंदाच्या, पिठ्या ढेकणावर काम करायला आपली मुलगी ॲमेझॉनात चालली, हे मी दिसेल त्याला सांगतेय. पोर्तुगीजांनी १६व्या शतकात कसावा आफ्रिकेला नेला, कीड मागे राहिली. ती १९७०च्या दशकात पोचली आणि शेतंच्या शेतं खुरटली. पॅराग्वेतली इवलीशी परजीवी गांधीलमाशी १९८१ साली नायजेरियात सोडली, तेव्हा कुठे तिला आवर बसायला लागला. हे तूच मला शिकवायचं. एवढंच सांगते, बेणं सामानात घालून आणू नकोस.

पिवळ्या तापाचं मात्र ऐकून घे. तो मुळात अमेरिकेकडचा नव्हेच. गुलामांच्या जहाजांवरून आफ्रिकेतून गेला, आणि तो पसरवणारा एडिस इजिप्ती डासही तसाच. मादी अंडी पाण्यावर घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, जहाजावरच्या पिंपाच्या ओल्या लाकडाला चिकटवते. पिंप कित्येक महिने कोरडं पडलं तरी अंडी तग धरतात, पाणी चढलं की अळ्या बाहेर. १६४७ साली बार्बाडोसला मोठी साथ आली. तिथे ऊस होता. कोलंबसाने १४९३च्या सफरीत कॅरिबियनमध्ये नेलेला. साखरेची काकवी निथळायला मातीची भांडी लागत. हंगाम सरला की ती उघड्यावर, पावसाचं पाणी साठवत. डासांना आणखी काय हवं!

भाषण झालं, रागावू नकोस. पण आता त्या तापाचा विषाणू ॲमेझॉनातल्या माकडांत मुरलाय, आणि तो पसरवणारे रानडास झाडांच्या शेंड्यांवर राहतात. झाड तोडलं की ते खाली माणसांवर येतात. चावतात दिवसा, म्हणून नुसत्या मच्छरदाणीवर विसंबू नकोस. लांब बाह्या घाल, मलम लाव. आजोबांसारखं ‘मला काही होत नाही’ नको.

लस अधिकृत केंद्रावरच मिळते. अंड्याची ॲलर्जी विचारतील, तुला नाही. दाखला पासपोर्टबरोबर ठेव, नाहीतर परतताना भारतात विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

तारीख मिळाली की कळव. आजच फोन कर केंद्राला.

तुझी,
आई