फोंड्याच्या वाइंडरकाकांना आभाराचे जाहीर पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठे छापून येऊ नये, अशी तुमची अट आहे आणि ती मी पाळतो आहे. आभार जाहीरपणे मानू नयेत, असे मात्र तुम्ही म्हणाला नव्हता. त्या पळवाटेचा फायदा घेऊन हे पत्र लिहीत आहे. जळालेल्या तारा नव्याने गुंडाळण्याच्या कसबाने तुम्ही दुरुस्त केलेला, बॅटरी भरण्याचा जुना लष्करी चार्जिंग सेट रविवारी अंगणात चालवला. डायनामो बॅटरीशी आपोआप जोडणारा स्विच, म्हणजे कटआउट, टक् करून बसला, अॅमीटरचा काटा आधी जोरात उजवीकडे गेला आणि बॅटरी भरत गेली तसा सावकाश खाली उतरत आला. हा काटा हलताना पाहण्याची आशा मी जवळजवळ सोडली होती.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून वस्तूविषयी थोडे सांगतो. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी वायरलेस बॅटरीवर चालत असे. ब्रिटिश सैन्याचा प्रसिद्ध १९ नंबरचा सेट, जो केंब्रिजच्या पाय कंपनीने १९४० मध्ये रणगाड्यांसाठी तयार केला, तो १२ व्होल्टवर चालायचा. गाडी उभी असताना तो तासन्‌तास चालू ठेवला की बॅटरी बसणारच. ती भरण्यासाठी दोन माणसांना उचलता येईल असे छोटे पेट्रोल इंजिन आणि त्याला जोडलेला डायनामो सोबत असे. माझ्याकडचा अमेरिकेतील जॉन्सन कंपनीचा ‘चोअरहॉर्स’ त्यातलाच: १२ व्होल्ट, ३०० वॅट, म्हणजे पूर्ण भारावर २५ अँपिअर. रेडिओ जमवणारे हौशी पुष्कळ आहेत आणि त्यांच्या कपाटांचे कौतुकही होते. त्या रेडिओला जिवंत ठेवणारे हे तेलकट, गोंगाटी यंत्र मात्र बहुतेक ठिकाणी भंगाराच्या वजनाने गेले. माझा सेट बेळगावच्या भंगारातून घाट उतरून आला. पोर्तुगीज अमलाखाली युद्धात तटस्थ राहिलेल्या गोव्यात ही इंग्रजांच्या सैन्यातली वस्तू कशाला हवी, असे मला नेहमी विचारतात. मुरगाव बंदरात आश्रयाला असलेल्या ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर मार्च १९४३ मध्ये इंग्रजांनी छापा घातला, तो त्या जहाजावरून गुप्त वायरलेस चालतो या संशयामुळेच. तेव्हा वायरलेसचे युद्ध आपल्या दारातही येऊन गेले आहे, एवढे उत्तर मी देतो आणि विषय संपवतो.

तुमच्याकडे येण्यापूर्वी हा सेट ज्या हातांतून गेला, त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. एका मोठ्या कार्यशाळेने तो पूर्ण पावसाळा ठेवून घेतला. मूळ लष्करी हिरवा रंग ग्राइंडरने खरवडून त्यावर चकचकीत स्प्रे मारला, तोही नावाच्या पट्टीवरून सरसकट. आणि डायनामोत चुंबकत्व उभे करणारी, जळालेली फील्ड कॉइल छिन्नीने तोडून, तिचे वेढे न मोजता, तांबे विकून टाकले. वर ‘डायनामो मेलेला आहे’ असा निकाल. दुसऱ्या एका जाणकाराने आतले सगळे काढून मोटारीचा अल्टरनेटर बसवण्याचा सल्ला दिला. ज्याला यंत्र फक्त चालवायचे आहे त्याच्यासाठी तो सल्ला चुकीचा नाही; पण मग ते यंत्र कोणते, हा प्रश्न उरतो. फील्डचे सर्किट एका जागी तुटले की चुंबकत्व उभे राहत नाही, आणि इंजिन कितीही जोरात पळाले तरी व्होल्टमीटर जवळजवळ शून्यावरच राहतो, एवढी साधी गोष्ट समजून घ्यायला कोणाला वेळ नव्हता.

तुम्ही तो वेळ काढलात. शाबूत असलेल्या कॉइलपैकी एक तुम्ही उलगडायला घेतलीत, कारण मूळ वेढे किती होते हे कळण्याचा दुसरा मार्गच उरला नव्हता. सुती पट्टी सोडवून, तार हाताने एकेक वेढा काढत, दर शंभराला खडूची रेघ ओढत तुम्ही मोजत होता, आणि दारात मिक्सर घेऊन आलेल्या बाईंना हाताच्या खुणेने थांबवलेत ते मला आठवते. बाहेर आषाढाचा पाऊस होता. दमट हवेत व्हार्निश लावले तर ओल आत कोंडते, म्हणून नव्या कॉइल लाकडी खोक्यात बल्ब लावून सुकत ठेवल्यात, आणि मी चौकशीला आलो की ‘घाय करूं नाका’ एवढेच ऐकवायचात. इन्सुलेशन तपासणाऱ्या मेगर यंत्रावर ते मनासारखे दिसेपर्यंत तुम्ही व्हार्निशचा डबा उघडला नाहीत.

पण खरे आभार मानायचे आहेत ते वेगळ्याच गोष्टीसाठी. सेट गाडीत चढवून झाल्यावर तुम्ही वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी माझ्या हातात दिलीत. आत ती उलगडलेली जुनी तार होती, लाकडी रिळावर नीट गुंडाळलेली. आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा एक तुकडा, त्यावर वेढ्यांची संख्या, तारेचा गेज आणि गुंडाळण्याची दिशा दाखवणारा बाण. रिवाइंडिंगच्या धंद्यात जुने तांबे सहसा दुकानाचेच असते आणि आजच्या भावाने ते फेकण्याजोगे मुळीच नाही. ‘मूळ माल तुझा, आणि पुढे कोणाला हा सेट उघडावा लागला तर त्याला मोजत बसायला नको,’ असे तुम्ही म्हणालात आणि बिल लिहायला वळलात. ज्याला तुम्ही कधी पाहणार नाही अशा वाइंडरची तुम्ही केलेली ही सोय पाहून मला काय बोलावे सुचले नाही. साधे ‘देव बरें करूं’ देखील तेव्हा तोंडातून निघाले नाही, ते आज लिहून कळवतो.

सचोटी म्हटले की आपल्याला पैशांचा चोख हिशेब आठवतो. तुमचा हिशेब चोख होताच, पण त्याहून दुर्मीळ गोष्ट म्हणजे समोरच्या वस्तूला आणि ती बनवणाऱ्या अनोळखी कारागिराला मान देणे. अशी माणसे प्रत्येक बाजारपेठेत एखाद्या अरुंद दुकानात बसलेली असतात. त्यांना पाटी नसते, जाहिरात नसते, आणि बहुधा त्यांचे काम शिकायला पुढची पिढीही नसते. मोठ्या काचेच्या दालनांतून फिरून, हात पोळून घेतल्यावरच आमची पावले त्यांच्याकडे वळतात, हे आमचे दुर्दैव.

लग्नपत्रिकेचा तो तुकडा प्लास्टिकमध्ये घालून मी सेटच्या पेटीच्या झाकणाला आतून लावला आहे. तारेचे रीळही त्याच पेटीत आहे. आणि काका, स्टुअर्ट टर्नर कंपनीचा एक टू-स्ट्रोक चार्जिंग सेट मिळाला आहे. त्याच्या इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोच्या कॉइलवरची लाख दमटपणाने चिकट झाली आहे आणि ठिणगी पडत नाही. चवथीची गडबड संपली की तो घेऊन येतो. घाई अजिबात नाही.

तुमचा कृतज्ञ,
डिचोलीचा ‘घोडेवाला’