जुन्या विमानांनी कोणत्या दाराने यायचं?

प्रति,
मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

जे. आर. डी. टाटा 1932 साली कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ या छोट्या विमानाने मुंबईत जुहूला उतरले. 15 ऑक्टोबर 1982 ला, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांनी लेपर्ड मॉथमधून कराची ते मुंबई तीच वाट पुन्हा धरली. असं एखादं जुनं विमान घेऊन आज हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर भरणाऱ्या ‘विंग्स इंडिया’ या विमान मेळ्याला यायचं, तर मालकाने स्वतःला काय म्हणवून घ्यायचं? मेळ्याची मांडणी विक्रेता आणि प्रेक्षक या दोघांसाठी. हा माणूस काही विकत नाही, आणि विमान सोडून कुंपणापलीकडे उभाही राहू शकत नाही.

टायगर मॉथ हे जुनं, दुहेरी पंखांचं शिकाऊ विमानच घ्या. मूळ बनावटीला ब्रेक नाहीत, स्टार्टर नाही, शेपटीखाली चाकाऐवजी स्किड, म्हणजे जमिनीवर घासत जाणारी पट्टी. गवतावर ते स्किड रुततं आणि विमान सरळ राहतं. डांबरावर ते नुसतं घासत घसरतं. आडवा वारा आला की नाक वाऱ्याकडे वळतं. म्हणून दोन्ही पंखांच्या टोकांना एकेक माणूस चालतो. इंजिन सुरू करताना एक जण मॅग्नेटोच्या (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राच्या) स्विचपाशी, दुसरा पंखा हाताने फिरवायला, तिसरा चाकांचे ठोकळे काढायला. वैमानिक, परवानाधारक अभियंता आणि तीन मदतनीस अशा पाच जणांना एप्रनचा, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेचा, पास हवा. दोन पासांत हे विमान जागचं हलत नाही.

जागा देतानाही जरा विचार व्हावा. रिकामं वजन जेमतेम 500 किलो, वर कापड चढवलेले पंख. शेजारी हेलिकॉप्टर उतरवलं तर त्याचा झोत विमान उलथवू शकतो. डांबरात खुंट ठोकता येत नाहीत, तेव्हा जमिनीत कड्या नाहीतर काँक्रीटचे जड ठोकळे द्यावेत.

खरी भीती इंधनाची. मोठ्या विमानतळावर फिरणारा बाउझर (इंधनाचा टँकर) बहुधा जेट ए-1 चा, म्हणजे जेटच्या केरोसिनचा; याला लागतं एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल. चुकून जेट भरलं तरी नळीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरू होतं, धावपट्टीपर्यंत नीट चालतं आणि उड्डाण केल्यावर दगा देतं. सीलबंद पिपातून, अग्निशमन बंबाच्या नजरेखाली एव्हगॅस भरायची लेखी परवानगी आधीच मिळावी. वीजच नाही तिथे रडारला ओळख कळवणारा ट्रान्सपॉन्डर कुठला! त्याऐवजी ठराविक वेळ, हातातला रेडिओ आणि टॉवरचा हिरवा दिवा पुरे.

अमेरिकेत ऑशकॉशच्या विमान मेळ्यात अशा विमानांचे रीतसर वर्ग आहेत: 31 ऑगस्ट 1945 पर्यंतची, 1955 अखेरपर्यंतची आणि 1970 अखेरपर्यंतची. आपल्या एचएएल या सरकारी विमान कंपनीचं पुष्पक हे छोटं विमान 1958 साली प्रथम उडालं, ते तिथे तिसऱ्या वर्गात आपोआप बसतं. आपल्या अर्जातही असा एक रकाना असावा, आणि या मालकांकडून कंपन्यांच्या दराने चौरस मीटरचं भाडं घेऊ नये.

पासाची मुदतही तेवढी पाहावी. ही विमानं निघतात मेळा संपल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे, वारा पडलेला असताना. आदल्या संध्याकाळीच पास संपला तर त्यांना धरून बाहेर न्यायचं कुणी?

आपले,
जुनी विमानं सांभाळणारे आणि उडवणारे