ओळख न दाखवणारा लॅपटॉप

सातारा
रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

परवा तू एवढंच म्हणालास, "फोन लावला की नुसता चार्ज होतो, कॉम्प्युटरला पत्ताच नाही," आणि तुझी रेंज गेली. मी हसलो ते तुला नाही रे. गेला आठवडाभर माझ्याकडं हेच रामायण चाललं होतं. हे फोनवर सांगायला गेलो तर तू मधेच आंब्याच्या मोहोराचं काढशील, म्हणून लिहितोय.

आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्यात, तुला माहीतच आहे. चाळीसेक फायली. फोन गच्च भरला, म्हटलं लॅपटॉपवर काढून घेऊ. लॅपटॉप पुतण्याचा. जर्मनीत शिकायला होता, परत आल्यावर त्यानं नवा घेतला आणि जुना माझ्या गळ्यात मारला. फोन जोडला. फोनवर विजेचं चिन्ह आलं, लॅपटॉप ढिम्म. जोडल्यावर 'टिडिंग' असा आवाज येतो ना, तोसुद्धा नाही.

आवाज नाही म्हणजे पहिला संशय वायरवर घ्यायचा. माझी वायर ब्लूटूथ स्पीकरबरोबर आलेली होती. वैतागून ब्लेडनं सोलली, तर आत लाल आणि काळी अशा दोनच तारा. त्या विजेच्या. माहिती नेणाऱ्या पांढरी आणि हिरवी, त्या घातलेल्याच नव्हत्या! म्हणजे ती वायर जन्मभर चार्जिंगच करणार. तू काही सोलू नकोस, फोनबरोबर डब्यात आलेली वायर शोध आणि ती लाव.

वायर बदलल्यावर आवाज आला, तरी फोन दिसेना. मग फोनचं लॉक उघडून वरची पट्टी खाली ओढ. तिथं 'चार्जिंग' असं काहीतरी असेल, त्यावर टिचकी मारून 'फाइल ट्रान्सफर' निवड. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन आपणहून नुसता चार्जच होतो. आतलं दाखवायचं तर मालकानं हो म्हणावं लागतं. बरंच आहे म्हणा, एसटी स्टँडवर कुठंही फोन खुपसणारे आपण. तुझं बहुधा इथंच सुटेल.

नाही सुटलं, तर ड्रायव्हर, म्हणजे जोडलेल्या वस्तूशी बोलायला कॉम्प्युटरला शिकवणारा छोटा प्रोग्राम. स्टार्टवर उजवं क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघड. पिवळा त्रिकोण दिसला की समजायचं, कोणीतरी दारात उभं आहे हे कॉम्प्युटरला कळलंय, पण बोलायचं कसं ते माहीत नाही. माझ्याकडं त्रिकोणावर डबल क्लिक केल्यावर 'कोड २८' आला, म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. तिथं 'अपडेट ड्रायव्हर' घे, मग 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक'. यादीत 'पोर्टेबल डिव्हाइसेस' आणि त्यात 'एमटीपी यूएसबी डिव्हाइस' सापडलं की ते निवड. झालं काम. 'ड्रायव्हर मोफत डाउनलोड' म्हणून हिरवी बटणं मिरवणाऱ्या साइटवर मात्र चुकूनही जाऊ नकोस.

हे एमटीपी म्हणजे काय, तर देवाणघेवाणीची रीत. पूर्वी फोन पेन ड्राइव्हसारखा जोडला जायचा, म्हणजे कोठीची किल्लीच कॉम्प्युटरच्या हातात. तोवर फोनला स्वतःचंच कार्ड उघडता यायचं नाही. आता किराणा दुकानासारखं आहे. कॉम्प्युटरनं काउंटरवर मागायचं, फोननं आतून एकेक फाइल आणून द्यायची.

माझी गंमत पुढंच आहे. माझ्या यादीत ते एमटीपी नव्हतंच! चौकातल्या दुकानदारानं लॅपटॉप न उघडताच "फॉरमॅट मारू" म्हणून सांगितलं. मी घरी येऊन सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग 'अबाउट' उघडलं. तिथं विंडोजच्या नावापुढं 'एज्युकेशन एन' लिहिलेलं. हा 'एन' कसला? पुतण्याला विचारलं तर म्हणाला, "काका, युनिव्हर्सिटीनं फुकट दिलं, मी टाकलं."

शोधल्यावर मुळाशी ब्रुसेल्स, म्हणजे युरोपियन युनियनचा कारभार जिथून चालतो ते शहर, निघालं! विंडोजबरोबर मीडिया प्लेअर, म्हणजे गाणी-व्हिडिओ लावायचा प्रोग्राम, आपसूक गळ्यात पडतो, त्यानं बाकीच्या कंपन्यांचा धंदा बुडतो, म्हणून मार्च २००४ मध्ये युरोपियन कमिशननं मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि मीडिया प्लेअर नसलेलं विंडोजही विकायला लावलं. तोच हा 'एन'. आता एमटीपीची रीत मुळात गाणी वाजवणाऱ्या खिशातल्या यंत्रांसाठी निघालेली, त्यामुळं तिचं सामानही त्याच मीडियाच्या गाठोड्यात. गाठोडं काढलं तेव्हा तेही गेलं. तिकडं भांडण प्लेअरचं, आणि इकडं साताऱ्यात आत्याच्या ओव्या अडकल्या.

उपाय अगदीच किरकोळ निघाला. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'ऑप्शनल फीचर्स' टाकायचं, त्यात 'मीडिया फीचर पॅक' शोधून इन्स्टॉल करायचा आणि लॅपटॉप रीस्टार्ट. मी रीस्टार्ट न करता अर्धा तास शिव्या घालत बसलो, ते सोड. परत चालू केल्यावर फोन जोडला, टिडिंग झालं आणि 'धिस पीसी'मध्ये फोनचं नाव उमटलं. हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण आलं?"

सगळ्या फायली उतरवल्या. दोनदा मोजल्या. तिसऱ्या फायलीत आत्या ओवी अर्ध्यात सोडून मांजराला हाकलते, तेही आलंय.

तुझ्या कॉम्प्युटरवर 'एन' असण्याचं कारण नाही, तरी 'अबाउट'मध्ये एकदा बघून घे. पिवळा त्रिकोण दिसला तर कोडचा आकडा लिहून कळव. "काहीतरी एरर आलाय" असं मोघम नको. वहिनींना नमस्कार. आणि हो, मोहोराचं काय झालं या वर्षी?

तुझाच,
अप्पा