बाई, तुम्ही जुडी सोडायला लावलीत

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तुमच्या निरोप समारंभात माझ्या हातात माईक आला तेव्हा मला दोन वाक्यंही धड बोलता आली नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुमचं नाव घातलेलं तुम्हाला रुचणार नाही, म्हणून नुसतं ‘बाई’ म्हणते. आपल्या केंद्रातल्या शाळांमधले लोक ओळखतीलच.

मी अकोले तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेत रुजू झाले तेव्हा तिसरी-चौथी माझ्याकडे होती. हातच्याची वजाबाकी मी तीनदा शिकवली होती. तरी 52 वजा 27 दिलं की तिसरीच्या अकरापैकी सात मुलांचं उत्तर 35. लाल पेनाने फुल्या मारत होते आणि घरी येऊन रडत होते. केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी मी त्या वह्या तुम्हाला दाखवल्या. तुम्ही म्हणालात, “सातही जणांचं उत्तर एकच आहे, म्हणजे मुलं अंदाजाने लिहीत नाहीत. काहीतरी विचार करून लिहितायत. तो विचार काय आहे ते त्यांना विचारलंस का?”

मी विचारलं नव्हतं. डी.एड.ला पाठ घेतले, टाचणं काढली, पण चुकलेल्या उत्तरामागे मुलाचा काही हिशेब असतो हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी तुमची सकाळची शाळा सुटल्यावर तुम्ही आमच्या गावी आलात. गावच्या मुलांना सांगितलं तर शनिवारीही दुपारी थांबतात, हे मला त्या दिवशी कळलं. पिशवीत खराट्याच्या काड्या होत्या, दहा-दहाच्या जुड्या रबरने बांधलेल्या. मागच्या बाकावरच्या मुलाला तुम्ही जवळ बसवलंत. “कसं काढलंस रे?” तो म्हणाला, “सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन.” मोठ्यातून लहान वजा करायचं असं मीच पहिल्या दिवशी फळ्यावर सांगितलं होतं. त्याने ते तंतोतंत पाळलं होतं.

तुम्ही त्याला ‘चूक’ म्हणाला नाहीत. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्यात आणि म्हणालात, “मला सत्तावीस दे.” त्याने दोन जुड्या दिल्या, दोन सुट्या दिल्या आणि थांबला. मी सांगायला पुढे सरकले, तर तुम्ही हाताने मला अडवलंत. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याने एका जुडीचा रबर काढून मनगटात अडकवला, पाच काड्या मोजून तुमच्या हातावर ठेवल्या. “बाई, दहाचे सुटे केले!” उरल्या दोन जुड्या, पाच काड्या. दुकानात सुटे मागणाऱ्या त्या पोराला हातचा म्हणजे काय ते माहीतच होतं. माझ्या फळ्यावरच्या खाडाखोडीत ते त्याला दिसत नव्हतं, एवढंच. आणि त्याने ते त्याच्या रीतीने केलं, आधी दोन आणि मग पाच. तुम्ही तीच रीत त्याला वहीत लिहायला लावलीत. उभी मांडणी नंतर आली.

संख्यानामांचंही तसंच. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ दोन’ असं वाचन आलं, तेव्हा विषय विधानसभेपर्यंत गेला. जुनी नावंही त्याच पुस्तकात होती, हे फार थोड्यांनी पाहिलं. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो. तुम्ही वादात पडला नाहीत, पण वर्गात दोन्ही बोललात. एकोणतीस ऐकून मूल 39 लिहितं, कारण त्याला ‘तीस’ ऐकू येतं. तुम्ही शंभर मण्यांच्या माळेवर तिसाव्या मण्यावर बोट ठेवायला लावायचात आणि एक मणी मागे यायला. “एक उणे तीस, एकोणतीस. म्हणजे वीस नऊ.” मला स्वतःला ‘एकोण’चा अर्थ त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला.

आणि अपूर्णांक! पुस्तक उघडण्याआधी डेअरीला दूध घालणाऱ्या घरातली मुलं पुढे बोलवा, असं तुम्ही सांगितलंत. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द त्यांच्या तोंडी रोजचे. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, हे एका मुलीने मापाने पाणी ओतून सगळ्यांना दाखवलं. एरवी ती वर्गात तोंड उघडत नसे.

आज पायाभूत वाचन-गणितासाठीच्या सरकारी ‘निपुण भारत’ अभियानाच्या तक्त्यात आमच्या मुलांच्या नोंदी होतात, त्या चांगल्याही आहेत. पण मला आनंद वेगळाच आहे. माझ्या वर्गात आता उत्तर बरोबर असलं तरी मुलं एकमेकांना “कसं काढलंस?” विचारतात, आणि विचारल्यावर कुणी घाबरत नाही. बाई, हे तुमच्यामुळे झालं. तुम्ही रजा न टाकता, कुणी आदेश न देता, स्वतःच्या गाडीत पेट्रोल घालून आठ शनिवार आलात. मी मनापासून आभारी आहे.

एक विचारायचं राहिलंय. भागाकार सुरू होतोय. 84 भागिले 4 जुड्यांनी छान जमतं. पण 618 भागिले 6 ला मुलं 13 लिहितात, मधला शून्य गळतो. तुम्ही तो कसा घ्यायचात? पुढच्या रविवारी घरी असाल तर वह्या घेऊन येते.

तुमची,
शेजारच्या शाळेतली बाई