पूल पडल्यावर पाहणीला येण्याआधी हे वाचा : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

पुणे शहरातून जाणाऱ्या कालव्यावरचा आमच्या वस्तीचा लहान पूल गेल्या दिवाळीच्या तोंडावर दुरुस्तीसाठी बंद करण्यात आला. मे महिन्याच्या अखेरीस तो पुन्हा खुला होईल, असे तेव्हा आम्हा रहिवाशांना सभा घेऊन सांगितले होते. आता आषाढ सरत आला आहे. पुलाच्या तोंडाशी लावलेल्या फलकावर काम पूर्ण होण्याची जी तारीख होती, तिच्यावर नवी तारीख चिकटवली गेली. पावसाने ती सुटू लागली तशी तिच्यावर आणखी एक चिकटवली गेली. आज त्या कागदांचा कोपरा उचलला, की उलटून गेलेले महिने एकाखाली एक वाचता येतात. काम मात्र एका बाजूचा कठडा पाडण्यापलीकडे सरकलेले नाही. उघड्या पडलेल्या सळयांना सिमेंटची रिकामी पोती गुंडाळली आहेत आणि पायी जाणाऱ्यांसाठी कडेने लोखंडी पत्र्यांची अरुंद वाट सोडली आहे. मागच्या आठवड्यात त्या ओल्या पत्र्यावरून माझ्या सासूबाईंचा पाय घसरला आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले.

त्यांचे वय शहात्तर आहे. रुग्णवाहिका पलीकडच्या तोंडाशी येऊन थांबली, कारण वळसा घालून अलीकडे यायला तिला वाहतुकीतून फार वेळ लागला असता. शेवटी शेजारच्या चार मुलांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवले आणि ज्या पत्र्यावरून त्या पडल्या होत्या त्याच पत्र्यावरून पलीकडे नेले. त्या वाटेवर त्यांनी जे ओरडणे ओरडले ते माझ्या कानांतून अजून गेलेले नाही. घरात सासऱ्यांचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा असते. पूल बंद झाल्यापासून रिक्षावाले आमच्या बाजूला यायला नाखूश असतात, आले तर वळशाचे पैसे घेतात, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. आता एकाच घरात दोन आजारी माणसे आहेत आणि दवाखान्याकडे जाणारा जवळचा रस्ता पत्रा ठोकून बंद केलेला आहे. माझी नोकरी किती दिवस टिकेल हे मला ठाऊक नाही.

मी ज्या ज्या कार्यालयात गेले तिथे मला दुसऱ्या कार्यालयाचा पत्ता मिळाला. कालवा एका खात्याचा, त्यावरून जाणारा रस्ता दुसऱ्याचा आणि पुलाला टेकून गेलेली पाण्याची वाहिनी तिसऱ्याची. वाहिनी हलवल्याशिवाय स्लॅब पाडता येत नाही, ती हलवण्याचा खर्च कोणी करायचा हे ठरत नाही, आणि तोवर ठेकेदार आपली माणसे दुसऱ्या कामावर घेऊन गेला आहे. माझ्या अर्जांवर पोच म्हणून शिक्के आहेत. उत्तर एकालाही नाही.

महोदय, पूल म्हणजे काय हे या शहराला कोणी शिकवण्याची गरज नाही. मुळा आणि मुठा जिथे भेटतात तिथे आम्ही राहतो. पानिपतच्या वर्षी, 1761 मध्ये, नानासाहेब पेशव्यांच्या काळात मुठेवर लाकडाचा पूल झाला. लाकूड केव्हाच गेले, पण आम्ही आजही लकडी पूलच म्हणतो. बंडगार्डनचा फिट्झगेराल्ड पूल 1867 चा, संगमाजवळचा वेलस्ली पूल 1875 चा. शनिवारवाड्याजवळचा लॉईड पूल, म्हणजे आजचा शिवाजी पूल, 1923 साली झाला आणि शंभरी उलटूनही लोकांच्या तोंडी तो नवा पूलच आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तो लोंढा अंगावर घेऊनही नवा पूल आजतागायत उभा आहे. हे पूल बांधणारे परके सरकार आमचे हितचिंतक होते असे मी मुळीच म्हणत नाही, त्यांनी ते आपल्या छावणीच्या आणि कारभाराच्या सोयीसाठीच बांधले. परंतु पूल बांधताना पुराची पातळी, पायाखालचा खडक आणि दगडाची घडण यांचा विचार कोणीतरी केला होता, हे त्या कमानींखाली उभे राहिले की दिसते. आमच्या राज्यात झालेला भिडे पूल मात्र खडकवासल्यातून पाणी सोडले की दर पावसाळ्यात बुडतो, आणि त्याची आम्ही इतकी सवय करून घेतली आहे की त्याबद्दल कोणाला जाबही विचारत नाही.

जुना दगडी पूलही देखभालीशिवाय टिकत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो सुरक्षित ठरवला गेला होता. त्यानंतर नवा पूल जून 2017 मध्ये खुला झाला. याचा अर्थ सरळ आहे : राष्ट्रीय महामार्गावर, सावित्रीसारख्या पूर येणाऱ्या नदीवर हे सरकार वर्षाच्या आत पूल बांधू शकते. मग चार पावलांच्या कालव्यावरचा पूल का होत नाही? आमच्याकडे अजून कोणी मेले नाही म्हणून?

15 जून 2025 ला आपल्याच जिल्ह्यात, मावळात, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल माणसांसह खाली आला. चार जणांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचे माहीत होते आणि नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. काम मात्र उभे राहिले नव्हते. धोका कागदावर लिहून ठेवला की आपले कर्तव्य संपले, असे या यंत्रणेला वाटते. 27 सप्टेंबर 2018 ला दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटून गोरगरिबांचे संसार वाहून गेले, तेव्हा उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भिंत पोखरल्याचे कारण आम्हाला सांगण्यात आले. पोखरली जात असताना ती पाहायची कोणी होती, हे त्या वेळीही कोणी सांगितले नाही. दुसरीकडे विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल दोन दशकेही न वापरता 2020 मध्ये पाडला गेला आणि त्या जागी नव्या पुलाची एक बाजू सुरू व्हायला 2025 साल उजाडले. ज्यांनी तो चुकीचा आखला त्यांपैकी एकानेही त्याची किंमत मोजलेली नाही. ती आम्ही कर भरून मोजली आणि पाच वर्षे त्या चौकात अडकून पुन्हा मोजली.

म्हणून मी आपल्याकडे सहानुभूती मागत नाही. कालवा, रस्ता आणि जलवाहिनी या तिन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांना एकाच दिवशी आमच्या पुलावर बोलवा, खर्च कोणाचा हे तिथेच लेखी ठरवा आणि तोपर्यंत त्या पत्र्यांच्या वाटेला दोन्ही बाजूंनी मजबूत कठडा व रात्रीचा दिवा आठवडाभरात लावून द्या. त्याचबरोबर पुणे शहरातील नद्या, ओढे आणि कालव्यांवरच्या प्रत्येक पुलाचे व साकवाचे बांधकामाचे वर्ष, तो कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे, शेवटची तपासणी केव्हा झाली, तिच्यात काय आढळले आणि तिच्यावर सही कोणाची आहे, ही माहिती मराठीत प्रसिद्ध करा आणि प्रत्येक पुलाच्या तोंडाशी ठळक अक्षरांत लावा. धोकादायक ठरलेल्या पुलाचे काम ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर अडले असेल त्याचे पदनामही त्याच फलकावर असू द्या. हे गणेशोत्सवाच्या आत करता येण्यासारखे आहे. त्यासाठी निविदा लागत नाही.

उत्तर लेखी, सहीनिशी आणि तारखेसह द्यावे, ही विनंती.

कळावे.

आपली,
कालव्याकाठची एक पुणेकर नागरिक