तिकिटं काढली आहेत, आता नाही म्हणू नका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवरच सांगणार होते, पण आईचं गोळीवरून बाबांशी वाजलं होतं आणि बाबांनी फोन दादाच्या हातात देऊन टाकला. म्हणून लिहिते. जूनची तिकिटं काढली आहेत, दोघांचीही. मुद्दामच विचारलं नाही. विचारलं की तुमचं "दिवाळीनंतर बघू" ठरलेलं, आणि ती दिवाळी कोणती हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

पॅरिस-स्वित्झर्लंड नाही. बाबांच्या खात्यातली मंडळी करून आली तशी टूर, सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर आणि दिवसभर बस, तुम्हाला झेपणार नाही असं मी म्हणत नाही. झेपेलही. पण कशाला? आपण इथे पोलंडमध्येच, औगुस्तुफ नावाच्या गावी राहायचं. वॉर्सातून रेल्वेने चार-साडेचार तास, पार ईशान्येला, लिथुआनिया आणि बेलारूसच्या सरहद्दीजवळ. गावाला खेटूनच नेत्स्को तळं, पलीकडे आणखी तळी आणि भोवती पाइनचं दाट जंगल. 'बघायलाच हवं' असं फारसं काही नाही, म्हणूनच ते निवडलं. काठाने सपाट वाट आहे, बसायला बाकं आहेत. रंकाळ्याची फेरी मारणाऱ्याला जड नाही. आई, तुझे गुडघे म्हणतील तिथे बसायचं.

घर तळमजल्यावर घेतलंय, एकही पायरी नाही. बाथरूममध्ये धरायला दांडा आहे, पाण्याचा मग मी आणून ठेवणार आहे. कुकर मी नेणार. गावात दवाखाना आहे, तो मी बघून आले. बटाटा-पनीर भरलेले पिरोगी आईला चालतील, मांस नसतं त्यात. बाबा, तळ्यातली धुरावलेली मासळी खा, पण मीठ फार असतं, म्हणजे एकच.

बाबा, तुमच्यासाठी खरी गोष्ट वेगळीच आहे. इथे एक कालवा आहे. व्हिस्तुला नदीवरून जाणाऱ्या मालावर प्रशियाने, म्हणजे तेव्हाच्या शेजारच्या जर्मन राज्याने, जबर जकात बसवली, तेव्हा त्यांना टाळून माल नेमान नदीकडे वळवायचा म्हणून 1824 साली काम सुरू केलं आणि 1839 ला पुरं केलं. शंभरेक किलोमीटर, अठरा जलपाशं, म्हणजे बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद. आखणी प्रोंद्झिन्स्की नावाच्या लष्करी इंजिनिअरची. समुद्रापर्यंतचा पुढचा टप्पा शेवटी झालाच नाही. पाटबंधाऱ्यात जन्म काढलेल्या माणसाला त्याचं कारण सांगायला नको! नेत्स्कोवरून पांढरी बोट निघते, एका जलपाशात शिरते, मागचा दरवाजा बंद, पाणी समपातळीला आलं की पुढचा उघडतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे दाखवायला तुम्ही मला भर पावसात नेलं होतं ना, आता हे मी दाखवणार. पुढे स्तुजेनिच्नाचं देवीसारखं मानलेलं मेरीचं ठाणं आहे, पोप जॉन पॉल 1999 मध्ये तिथे येऊन गेले. आईने हात जोडले तर कुणी हसणार नाही.

आणि आपलं कोल्हापूरजवळचं वळिवडे. 1940-41 मध्ये रशियनांनी पूर्व पोलंडमधून हजारो कुटुंबं उचलून सैबेरियात नेली, त्यातलीच काही पुढे आपल्याकडच्या छावणीत 1948 पर्यंत होती. आजोबा त्या छावणीतल्या बायकांबद्दल जे सांगायचे ते इथे बसून पुन्हा ऐकायचंय मला, पूर्ण, आईने मध्ये न थांबवता.

गौरी-गणपतीला मात्र मला येता येणार नाही. रजा जूनमध्येच संपेल. दोन्ही जमवायचा हिशेब करून पाहिला. मोदक वहिनी करेल, आई तू फक्त बसून चुका काढ. रागावू नकोस गं.

लहानपणी एसटीत मी झोपले की बाबा खिडकीच्या गजाला माझं डोकं लागू नये म्हणून मध्ये हात ठेवायचे आणि गाव येईपर्यंत हलवायचे नाहीत. औगुस्तुफच्या गाडीत खिडकी बाबांची. हात ठेवायला मी आहे.

आता नीट ऐका. तूप, पेढे, खवा काहीही भरायचं नाही, बाहेरून दुधाचे पदार्थ इथे आणू देत नाहीत. तूप मी इथेच लोण्याचं कढवेन. मेतकूट आणि गोडा मसाला चालेल. गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. विमा मी उतरवलाय. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे, लाजायचं नाही, रांग वाचते. स्वेटर दोघांनी आणायचा, रात्री गारठा असतो. जंगलात गोचिडी असतात, त्यांनी आजार होतो, म्हणून बाबा, हाफपँट घरीच ठेवा. सूर्य रात्री नऊला मावळतो आणि पहाटे चारला उजाडतं. चारला चहा मागायचा नाही.

बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागेल, दादा गाडी काढतोय. व्हिसाच्या अर्जावर आईची सही हवी. बाबा, तिची सही तिलाच करू द्या.

तुमची,
चिमी