इंटरकूलरमध्ये पाणी साठतंय आणि तुमचं वर्कशॉप म्हणतंय गाडी पाण्यात घातली

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: बीएस सिक्स टर्बो डिझेल ट्रकच्या इंटरकूलरमध्ये (टर्बोने दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारी जाळी) पाणी साठणे, वॉरंटी नाकारणे, जॉब कार्डवर चुकीची नोंद करणे

साहेब/मॅडम,

माझी सहाचाकी गाडी तुमच्या कंपनीची आहे, वॉरंटीत आहे, कोल्हापूर-रत्नागिरी लाईनला चालते आणि मीच मालक, मीच ड्रायव्हर. उन्हाळाभर गाडीने काही त्रास दिला नाही, एकदम मक्खन. पण मिरगाचा पाऊस सुरू झाला आणि तेव्हापासून एकच रडगाणं चालू आहे, रत्नागिरीहून लोड घेऊन निघालो की हातखंब्यापासून साखरप्यापर्यंत गाडी व्यवस्थित येते आणि आंबा घाटाच्या पायथ्याला फुल अ‍ॅक्सिलरेटर दिला की एक जोराचा झटका, मग दोन-तीन गचके, चेक इंजिन लाईट आणि पिकअप गायब. लिंप मोडला गेलेली, म्हणजे बिघाड दिसला म्हणून इंजिनाने स्वतःच ताकद कमी केलेली, भरलेली गाडी घाटात कशी चढते ते तुमच्यापैकी कुणी चालवून बघितलंय का माहीत नाही, मागे एसटी हॉर्न मारतेय, समोर धुकं, वायपर फुल स्पीडला आणि आपण पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गोगलगायीसारखं.

तुमच्या वर्कशॉपला पहिल्यांदा नेली तेव्हा स्कॅनर लावला, पी ०२९९ कोड आला, म्हणजे अंडरबूस्ट, टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब (बूस्ट) कमी पडतोय. कोड डिलीट करून दिला, वर धूर साफ करायला लागतो तो युरिया चांगला भरत जा म्हणून सल्ला. आता बूस्टचा आणि युरियाचा काय संबंध ते त्यांनाच माहीत. पुढच्या वेळी बूस्ट सेन्सर बदलला, तो इलेक्ट्रिकल पार्ट आहे, ओलाव्याने गेलाय, वॉरंटीत बसत नाही म्हणून बिल माझ्या हातात. सेन्सर नवीन आणि आंबा घाटात परत तोच झटका. मग म्हणाले टर्बो गेलाय. टर्बोच्या शाफ्टला प्ले (ढिलेपणा) नाही, शिट्टी नॉर्मल, काळा धूर नाही, कोरड्या दिवशी गाडी तोच घाट तिसऱ्या-चौथ्या गिअरवर ओढते, मग टर्बो फक्त पावसात जातो का?

मी तिथंच हट्ट धरला की इंटरकूलरचा खालचा होस पाईप माझ्यासमोर खोला. फिटर पोरगा शहाणा होता, त्याने क्लॅम्प ढिला केला आणि पाईप खाली केल्याबरोबर पाणी आलं. थेंबबिंब नाही, धार. खाली बिसलेरीची अर्धी कापलेली बाटली धरली होती ती भरत आली. वर पाणी, त्यावर तेलाचा तवंग, आणि पाईपच्या आतल्या बाजूला पांढरट-चॉकलेटी चिकट फेस, ताक घुसळताना कडेला लोणी चिकटतं तसा. ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर काढणारी नळी) थोडं ऑइल टर्बोकडे येतंच, ते नॉर्मल आहे हे मला माहितीय, पण ऑइल पाण्यात घुसळलं गेलं तरच असा फेस होतो. सेन्सरचं टोकही त्यानेच माखलं होतं.

आणि आता माझी खरी तक्रार. एवढं सगळं डोळ्यांनी बघून सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरने जॉब कार्डवर लिहिलं ‘वॉटर इन्ग्रेस, कस्टमर ड्रायव्हिंग’. म्हणजे मी गाडी पुराच्या पाण्यात घातली, पाणी ओढलं, चूक माझी, वॉरंटी खल्लास. मी म्हटलं ठीक आहे, मग आता एअर फिल्टरची डबी पण खोला. खोलली. फिल्टर कोरडा ठाक, घड्यांमध्ये उन्हाळ्यातली लाल धूळ जशीच्या तशी, कागद कुठे फुगलेला नाही, डबीच्या तळाला ओल नाही. बाहेरचं पाणी इंजिनाने ओढलं असतं तर ते फिल्टरला न भिजवता इंटरकूलरमध्ये उडत गेलं का? कुलंटची बाटली बघितली, लेव्हल जागच्या जागी, आणि होसमधून बिसलेरीच्या बाटलीत निघालेल्या पाण्याला कुलंटचा रंगही नव्हता, म्हणजे ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कुलंटने गार करणारा भाग) लीक असल्याचाही प्रश्न नाही. हे सगळं त्यांनी बघितलं, मान हलवली आणि यातला एक शब्दसुद्धा कार्डवर लिहिला नाही. मी लिहा म्हटलं तर सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही म्हणे.

पाणी कुठून आलं ते सांगतो, कारण तुमच्या लोकांना ते पटत नाहीये. पाणी हवेतूनच आलं. पावसाळ्यात कोकणातली हवा म्हणजे ओला टॉवेल, २८ अंशाला एका घनमीटरमध्ये २५ ग्रॅमच्या आसपास वाफ असते. भरल्या गाडीचं इंजिन मिनिटाला ५,००० लिटर हवा ओढतं असं धरलं तरी तासाला ३०० घनमीटर झाली, म्हणजे साडेसात लिटर पाणी वाफेच्या रूपात तासाभरात इंटरकूलरमधून जातं. टर्बोतून हवा शंभर अंशाच्या पुढे तापून निघते तोपर्यंत वाफ वाफच राहते, पण हवा दाबलेली असली की तिच्यात वाफ कमी मावते, हीच २८ अंशाची दमट हवा दीड बार बूस्टने दाबली की ४४ अंशाच्या आसपास थंड झाल्यावरच पाणी सुटायला लागतं. कमी बूस्टला तो आकडा खाली येतो, पण इंटरकूलर बसवलाय कुठे तर रेडिएटरच्या पुढे, सगळ्यात आधी पाऊस आणि पुढच्या गाडीचा फवारा तोच खातो, त्यामुळे तोही तेवढाच गार पडतो. सपाटीला अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर हवेला एवढा जोर नसतो की सुटलेलं पाणी सोबत घेऊन जाईल, ते इंटरकूलरच्या खालच्या टाकीत बसून राहतं. घाट लागला, पाय दाबला, हवेचा जोर वाढला की ते सगळं एकदम इंजिनात. तोच माझा झटका.

आणि यात नवीन काय आहे हो? एअर ब्रेकच्या टाकीचा ड्रेन ओढून पाणी काढत जा हे तुमच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय, ड्रायर असूनसुद्धा. लायनीतला क्लीनर पोरगासुद्धा सांगेल हवा दाबली की पाणी सुटतं. एका टाकीतलं पाणी हवेचं आणि दुसऱ्यातलं मात्र मी नदीतून भरून आणलेलं, असं कसं चालेल?

बाहेर बघा. अमेरिकेत फोर्डच्या एफ-१५० इकोबूस्ट पिकअपला, ते पेट्रोल इंजिन आहे पण टर्बो आणि इंटरकूलर आलेच, दमट हवेत आणि पावसात इंटरकूलरमध्ये पाणी साठून जोरात पळवताना पॉवर जायच्या तक्रारी आल्या, २०१३ मध्ये तिथल्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेने त्याची चौकशी लावली, आणि कंपनीने डीलरना लेखी सूचना काढून दुरुस्ती दिली, त्यात इंटरकूलरला हवा कमी लागावी म्हणून प्लेट बसवणं पण होतं. म्हणजे इंटरकूलर पावसात जास्त गार होतो हे कंपनीने मान्य करून त्यावर उपाय दिला. गिऱ्हाइकाला तू पोहायला गेला होतास का असं विचारलं नाही.

आमच्याकडच्या मिस्त्रीने सांगितलं इंटरकूलरच्या तळाला बारीक भोक पाडून देतो, पाणी आपोआप जाईल. मी नको म्हटलं, तुम्ही आधीच वॉरंटीला कारणं शोधताय, त्यात भोक दिसलं तर संपलंच.

मला काय पाहिजे ते स्पष्ट सांगतो. जॉब कार्डवरची ती नोंद खोडून कोरडा फिल्टर आणि कुलंट लेव्हल यांची नोंद करा, सेन्सरचे पैसे परत द्या, इंटरकूलर आणि पाईप काढून आतून साफ करून द्या. टर्बोला हात लावायचा नाही. आणि पाणी परत साठू नये म्हणून काय करणार, प्लेट देताय, ड्रेन देताय का सॉफ्टवेअर, ते इंजिनिअरकडून लेखी पाहिजे, सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरकडून तोंडी नको. तोपर्यंत पावसाळ्यातल्या प्रत्येक सर्व्हिसला खालचा होस खोलून बघायचा खर्च तुमचा.

गाडी मी स्वतः चालवून पोट भरतो, मोठी ट्रान्सपोर्ट कंपनी नाही, त्यामुळे व्यापारी वापर म्हणून २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून मला बाहेर काढता येणार नाही हे तुमच्या लीगलवाल्यांना विचारून घ्या. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकणार. जॉब कार्डं, सेन्सरचं बिल, पाईप खोलतानाचा व्हिडिओ आणि फिल्टरचे फोटो सोबत जोडलेत. बाटलीतलं पाणी घरी ठेवलंय, टेस्ट करायचं असेल तर माणूस पाठवा, फक्त दुपारी तीननंतर पाठवा, त्याआधी मी लोडिंगला असतो.

आपला,
एक ट्रकमालक
तालुका शाहूवाडी, जि. कोल्हापूर